नागपूरच्या टाकीवाल्यांनो, तो ओढा तिथेच राहू द्या

प्रति,
नागपुरातले समस्त अ‍ॅक्वेरियम-पॅल्युडेरियमवाले, मासे विकणारे दुकानदार भाऊ, आणि काचेच्या पेटीत जंगल उभं करायची हौस असणारी सगळी पोट्टे-पोट्ट्या मंडळी,

नमस्कार.

मागच्या रविवारी मी आपल्यातल्याच एका दुकानात फिल्टरचा स्पंज घ्यायला गेलो होतो, दुकानाचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, कारण ही गोष्ट एका दुकानाची नाही. दुकानदार भाऊने मागच्या खोलीतून आइस्क्रीमचा एक प्लास्टिकचा डबा आणला, झाकणाला गरम खिळ्याने भोकं पाडलेली, आणि आत ओल्या टिश्यू पेपरवर एक खेकडा. जांभळट पाठ, केशरी नांगी, पोह्याच्या चमच्यात मावेल एवढा. भाऊ म्हणाला देशी व्हॅम्पायर क्रॅब आहे, आंबोलीकडचा माल, जून-जुलैत अजून येईल, सोबत ओढ्यातला ओरिजिनल पालापण पाहिजे तर सांगा. तिथे आम्ही चौघं होतो. तिघांनी तिथल्या तिथे बुकिंग केलं, एकाने तर दोन जोड्या सांगितल्या. मी काहीच बोललो नाही, स्पंजचे पैसे दिले अन् निघालो, आणि त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. म्हणून हे लिहून राहिलो. त्या दिवशी जे बोलायला पाहिजे होतं ते सगळं आज बोलतो, थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा एवढी विनंती.

आधी माझं सांगतो, म्हणजे कोणाला वाटायला नको की हा कोणी बाहेरून आलेला उपदेश करणारा माणूस आहे. मी मानेवाड्यात राहतो, अकरा वर्षं झाली टाक्या ठेवतो. गप्पीपासून सुरुवात, मग फायटर, मग प्लांटेड टँक, मग चार वर्षांपूर्वी पॅल्युडेरियमचं वेड लागलं, अर्धं पाणी अर्धी जमीन, वरून धुकं सोडणारं मशीन, मॉस, फर्न, सगळं. मुलगी शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधी त्या काचेसमोर जाऊन उभी राहायची. तर ही हौस काय असते, आणि तीत काही वाईट नाही, हे मला कोणी सांगायची गरज नाही.

पण तीन वर्षांपूर्वी मी पण तेच केलं जे त्या तिघांनी रविवारी केलं. एका डीलरकडून सहा हिलस्ट्रीम लोच, म्हणजे डोंगरी ओढ्यातले बारके मासे, मागवले. डीलर मुद्दाम म्हणाला, भाऊ फार्मचे नाहीत, वाइल्ड कॉट आहेत, डायरेक्ट सह्याद्रीच्या ओढ्यातले. आणि मला त्याचा आनंद झाला होता, खरं सांगतो, वाइल्ड कॉट म्हणजे काहीतरी जास्त अस्सल आपल्या घरी आलं असं वाटलं होतं. ते मासे पाहिले असतील तुम्ही, पोट सपाट, पुढचे-मागचे पंख दोन्ही बाजूंना पसरून दगडाला असे चिकटतात की पाण्याचा लोंढा वरून जातो आणि ते तसूभर हलत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत मस्त राहिले. मार्चमध्ये एक गेला. एप्रिलमध्ये दोन. आणि मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली, बाहेर ४५ डिग्री, आम्ही सगळे एका लग्नाला भंडाऱ्याला गेलेलो, संध्याकाळी परत आलो तर उरलेले तिघंही काचेच्या वरच्या टोकाला, पाणी जिथे हवेला लागते तिथे, चिकटून मेलेले होते. काचेवरून सोडवावे लागले. मुलीने विचारलं बाबा हे वर काहून आले होते, तर श्वास घ्यायला, असं सांगितलं मी तिला.

नंतर मी वाचायला लागलो की नेमकं झालं काय. गोष्ट साधी आहे. पाणी जेवढं गरम तेवढा त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, ३५ डिग्रीला तो ७ च्या आसपास येतो, आणि मजा म्हणजे, मजा कसली, वाईट म्हणजे, गरम पाण्यात माशाचं शरीर जास्त वेगाने चालते म्हणून त्याला ऑक्सिजन उलट जास्त लागतो. आपला गप्पी, मरळ, तलावातले मासे यातून निभावून नेतात, मरळ तर वर येऊन हवाच घेते. पण ज्या माशाचा सगळा वंश दगडावर आपटून फेसाळणाऱ्या पाण्यात वाढला, त्याला कमी ऑक्सिजन ही गोष्टच माहीत नाही. त्यात आपलं बोअरचं पाणी किती जड असते ते तुमच्या गिझरची कॉइल काढून पाहा, आणि तिकडचं पाणी म्हणजे जवळजवळ पावसाचंच पाणी. आपल्याकडे वर्षाचा पाऊस अकराशे मिलिमीटरच्या आसपास, आंबोलीत सात हजाराच्या आसपास. एवढा फरक चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं मशीन, लावून भरून निघत नाही, आणि ज्याच्या घरी चिलर आहे त्याच्या घरची पण लाइट जातेच.

तर त्या मेच्या नंतर, पुढच्या जुलैत, मी ठरवून आंबोलीला गेलो. मडगावच्या गाडीने कुडाळ, तिथून सावंतवाडी, मग घाट. म्हटलं ज्याला आपण घरी आणून मारलं तो राहतो कुठे ते एकदा पाहून येऊ. चार दिवस होतो. गावातलाच एक मुलगा गाइड म्हणून रोज रात्री आठ वाजता टॉर्च घेऊन यायचा आणि आम्ही एकदीड वाजेपर्यंत एका ओढ्याच्या फार तर दोनशे फुटांच्या तुकड्यात फिरायचो. दोनशे फूट, चार रात्री, आणि पुरे पडलं नाही.

पहिल्या रात्री मला काहीच दिसलं नाही. पाणी, दगड, पाला, जळवा. तो मुलगा म्हणाला काका, चालू नका, बसा. बसलो. मग हळूहळू डोळे तयार झाले. ओल्या कातळावर, जिथून पाणी नुसतं झिरपत होतं, जेमतेम एखाद्या कागदाच्या जाडीचं, तिथे बेडकाची पिल्लं होती, शेपटीवाली, म्हणजे आपण लहानपणी डबक्यात पाहायचो तशीच, पण ही पाण्यात नाही तर दगडावर, आणि टॉर्च पडला की चक्क उडी मारत होती. इंडिराना म्हणतात या बेडकांना, यांच्या पिल्लांना मागचे पाय लवकर येतात आणि ती ओल्या दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. आता विचार करा, ते झिरपणं जर थांबलं, वरून कोणी पाइप टाकून पाणी वळवलं, किंवा तो मॉसचा गालिचाच कोणी खरवडून पॅकेटात भरून विकायला नेला, तर त्या पिल्लांनी जायचं कुठे? आणि आपल्या बाजारात मॉस कुठून कुठून येते हे आपण कधी विचारलं आहे का? मी तरी विचारलं नव्हतं.

पुढे ओढ्यावर झुकलेल्या एका पानावर अंड्यांचा पुंजका लटकत होता, साबुदाण्यासारखा. नाईट फ्रॉगचा. पिल्लं अंड्यातून सुटली की टपटप खाली पाण्यात पडतात, म्हणून पान बरोब्बर पाण्याच्या वरचंच निवडलेलं. याच घराण्यातला एक बॉम्बे नाईट फ्रॉग आहे, त्याच्यावर २०१६ मध्ये संशोधन छापून आलं, जगात बेडकांच्या मीलनाच्या जेवढ्या पद्धती माहीत होत्या त्यापेक्षा याची वेगळी निघाली, नर मादीला घट्ट पकडतच नाही, पाठीवर सैलसा बसतो आणि त्याचं काम झालं की आधी निघून जातो, अंडी ती नंतर घालते. सह्याद्रीतला बेडूक, शंभर पिढ्यांपासून आपल्या लोकांच्या घरामागे ओरडून राहिला, आणि तो करतो काय हे कळायला २०१६ उजाडलं. मला त्या रात्री पाण्यात पाय सोडून बसल्यावर ही गोष्ट आठवली आणि अंगावर काटा आला.

आणि पाला. पाल्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण आपण त्याला डेकोरेशन समजतो. मी पण समजायचो. गच्च झाडीतल्या ओढ्यावर ऊन पोचत नाही, त्यामुळे पाण्यात शेवाळ फारसं वाढत नाही, मग तिथे खायला काय? तर वरून पडणारं पान. पान पाण्यात पडते, दोन-तीन आठवडे त्यावर बुरशी आणि बॅक्टेरिया चढतात, पान मऊ होते, मग ते कुरतडायला किडे येतात, खेकडे येतात, त्यांनी केलेला चुरा खालच्या अंगाला जाळी लावून बसलेल्या अळ्या गाळून खातात, त्या अळ्यांना मासे, माशांना पाणसाप आणि खंड्या. म्हणजे जे पोतंभर पान कोणी तरी ओरिजिनल लीफ लिटर म्हणून नागपूरला पाठवते ते त्या ओढ्याचं रेशन आहे. आणि पोत्यात नुसती पानं येतात असं वाटते का तुम्हाला? एका दगडामागचं मूठभर पान त्या मुलाने पांढऱ्या थाळीत ठेवून दाखवलं. कॅडिसफ्लायच्या अळ्या होत्या, स्वतःच्या तोंडच्या रेशमाने वाळूचे कण आणि पानाचे तुकडे जोडून नळकांडी बनवतात आणि ती अंगावर घेऊन फिरतात, एकीच्या नळकांडीत अभ्रकाचा तुकडा होता, टॉर्चमध्ये चमकत होता. चतुराचं पिल्लू होतं, त्याचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो आणि शिकार दिसली की हातासारखा समोर फेकतो. पारदर्शक झिंगे होते, नखाएवढे. मग त्याने थाळी हळूच त्याच जागी, त्याच दगडामागे ओतली, दगड ज्या बाजूने होता त्याच बाजूने ठेवला, आणि म्हणाला, काका उलटा ठेवला तर खालचे सगळे मरतात, वरच्यांना ऊन लागतं आणि खालच्यांचं दार बंद होतं.

ओढ्याच्या काठावरच्या ओल्या मातीत तर वेगळीच दुनिया. देवगांडूळ पाहिला मी, आयुष्यात पहिल्यांदा. गांडूळ नाही तो, बेडकाचा नातेवाईक आहे, पाय नसलेला, डोळे जवळजवळ नसलेले, जबड्यात दात असलेला. त्याची एक जात आंबोलीतूनच २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवली. तिथलाच एक बुश फ्रॉग आहे जो अंडी पाण्यात घालतच नाही, आणि अंड्यातून शेपटीवालं पिल्लू न निघता थेट इवलासा बेडूकच निघतो. आणि आंबोली टोड, पिवळसर अंगावर वाघासारखे पट्टे म्हणून शास्त्रीय नावात टायगेरिना, आययूसीएन म्हणजे धोक्यातल्या जीवांची यादी ठेवणारी जागतिक संस्था, तिच्या यादीत अतिसंकटग्रस्त. त्याची पिल्लं सड्यावरच्या, म्हणजे डोंगरावरच्या सपाट खडकाळ माळावरच्या, कातळाच्या उथळ डबक्यात वाढतात, बोटाचं एक पेर बुडेल एवढ्या पाण्यात. आपण नागपूरकर वाघासाठी सकाळी चार वाजता उठून गेटवर रांग लावतो, आणि लावलीच पाहिजे, वाघाने आपल्या भागाला खूप दिलं. पण हा पण वाघच्या वाघ आहे हो, फक्त अंगठ्याएवढा आहे आणि त्याच्यासाठी कोणतंही गेट नाही, कोणीही येऊन डब्यात टाकून नेऊ शकते.

आता त्या खेकड्याकडे येतो. समुद्रातल्या खेकड्याची मादी लाखांनी अंडी सोडते, पिल्लं प्रवाहाबरोबर कुठच्या कुठे जातात, एका किनाऱ्यावरची संपली तर दुसरीकडून येऊ शकतात. गोड्या पाण्याच्या खेकड्याचं तसं नाही. त्याची मादी अंडी थोडी घालते, पण मोठी घालते, ती पोटाखालच्या झाकणात धरून ठेवते, आणि त्यातून तरंगणारी अळी न निघता डायरेक्ट बारके खेकडेच निघतात, तेही काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतात. म्हणजे हे खेकडे लांब जातच नाहीत. पिढ्यान् पिढ्या एकाच डोंगराच्या एकाच कुशीत. म्हणूनच सह्याद्रीत जवळजवळच्या खोऱ्यांत वेगवेगळ्या जाती सापडतात, घाटियाना म्हणून खेकड्यांच्या जातींचा एक अख्खा गटच (जीनस) २०१४ मध्ये नव्याने नोंदवला गेला, आणि त्यानंतर त्यात नव्या जाती येतच राहिल्या. याचा अर्थ आपल्या डोक्यात शिरला पाहिजे. त्या आइस्क्रीमच्या डब्यातल्या खेकड्याला कदाचित अजून नावही नसेल, आणि पावसाळ्यात पोटाखाली पिल्लं घेऊन फिरणाऱ्या दहा-वीस माद्या एका माणसाने एका रात्रीत उचलल्या तर त्या कुशीतलं पुढच्या वर्षीचं सगळं गेलं. बाजूच्या डोंगरावरून भर घालायला कोणी येणार नाही.

खऱ्या व्हॅम्पायर क्रॅबचं, ज्याच्या नावावर हा विकून राहिले, त्याचंही तेच झालं. जांभळ्या अंगाचे पिवळ्या डोळ्यांचे ते खेकडे जावातले. जगभर पॅल्युडेरियमवाले ते वर्षानुवर्षं विकत घेत होते आणि ते नेमके कुठले हेच शास्त्रज्ञांना माहीत नव्हतं, व्यापारी जागा सांगायचे नाहीत. शेवटी २०१५ मध्ये त्यांची रीतसर नोंद झाली. आधी किंमत लागली, मग नाव मिळालं.

आपल्याकडच्या माशांचा हिशोब तर आणखी मोठा आहे. मिस केरला तुम्ही सगळ्यांनी पाहिला, अंगावर लाल-काळी रेघ, थव्याने पोहणारा, केरळ-कर्नाटकातल्या पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांतला. २०१३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासाप्रमाणे २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात असलेल्या ३० जातींचे मिळून १५ लाखांवर मासे शोभेसाठी बाहेर गेले, आणि त्यात मोठा वाटा असलेल्यांपैकी मिस केरला आणि त्याच्यासारखीच दिसणारी त्याची भावंड-जात होती, तीन लाखांच्या वर. तीन लाख! केरळ सरकारने २००८ मध्ये पकडण्यावर बंधनं आणली तरी हे चालूच होतं. आता हा मासा फार्मवर पैदा होतो, दक्षिण-पूर्व आशियात मोठ्या प्रमाणावर, म्हणजे ज्याला तो ठेवायचाच आहे त्याला नदीतून ओढून काढलेला घ्यायची काहीच गरज राहिली नाही. तरी आपण दुकानात विचारतो का की हा फार्मचा की नदीचा? उलट नदीचा असला की दोनशे रुपये जास्त देतो. मी दिले होते.

कोणी म्हणेल की हे सगळं कोकणचं दुखणं आहे, नागपूरला काय त्याचं. तर एक गोष्ट सांगतो. सुंदरलाल होरा नावाचे मोठे मत्स्यशास्त्रज्ञ होऊन गेले, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते, डोंगरी ओढ्यातल्या या चिकट्या माशांवर त्यांनी आयुष्य घातलं. त्यांना प्रश्न पडला होता की ईशान्येकडच्या आणि मलायाकडच्या ओढ्यांतले मासे आणि सह्याद्रीतले मासे इतके सारखे कसे, मध्ये तर सगळा कोरडा मुलूख आहे. त्यांनी १९४९ च्या सुमारास मांडलं की हे मासे सातपुड्याच्या रांगेवरून, ओढ्या-ओढ्याने, पिढ्या-पिढ्याने पश्चिमेला गेले असतील, जेव्हा सातपुडा आजच्यापेक्षा ओला होता. सातपुडा गृहीतक म्हणतात त्याला. पुढे काही शास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले, नवे पुरावे आले, वाद आहेत. पण मला हे वाचल्यापासून रामटेकच्या पलीकडचे डोंगर वेगळेच दिसतात. लोच आपल्या सातपुड्याच्या ओढ्यांतही आहेत, पेंचच्या बाजूला उन्हाळ्यात डोह आटत आले की दगडाखाली दबून राहतात. आणि आपण नागपुरात नळाला जे पाणी पितो ते पेंच आणि कन्हानचंच आहे. तेव्हा आपला काय संबंध असं म्हणून मोकळं होता येणार नाही.

आंबोलीतल्या लोकांनी काय केलं तेही ऐका. हिरण्यकेशी नदीचा उगम तिथे, महादेवाचं देऊळ, समोर कुंड. त्या कुंडात बोटाएवढा एक लोच राहतो, २०२० मध्ये तो नवी जात म्हणून नोंदवला गेला, शिस्टुरा हिरण्यकेशी असं नाव दिलं. आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती दोन हेक्टरच्या जरा वरची जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली, आता तिथे मासेमारी बंद. मी गेलो तेव्हा एक आजी कुंडाच्या काठावर बसल्या होत्या, मी वाकून पाहून राहिलो तर म्हणाल्या, पाय नको बुडवू हां बाबा, आत पोरं आहेत. देवळातल्या माशाला पोरं म्हणणाऱ्या त्या बाई, आणि त्याच डोंगरातला माल येऊन राहिला म्हणून बुकिंग करणारे आपण.

आता सरळ मागणं काय ते सांगतो.

दुकानदार भाऊंनो, तुमचं पोट यावर आहे, मला कळते, जागेचं भाडं, लाइटचं बिल, उन्हाळ्यात मरणारा माल, सगळं कळते. पण सह्याद्रीतला जंगलातून पकडलेला कोणताही जीव, मासा, खेकडा, बेडूक, पाल, गोगलगाय, विकायला ठेवू नका. अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि तुमच्यापर्यंत आलेला डबा अभयारण्याच्या आतला की बाहेरचा हे आणणारा कधीच खरं सांगणार नाही. टाकीवर एक चिठ्ठी लावा, फार्मचा आहे, अमुक गावचा आहे. मी तुम्हाला शब्द देतो, ज्याच्या टाकीवर अशी चिठ्ठी असेल त्याच्याकडूनच मी घेईन आणि माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाला तिथेच पाठवीन.

ठेवणाऱ्या मंडळींनो, तुम्हाला जंगल पाहिजे ना काचेत? मग चेरी श्रिंप घ्या, घरीच पैदा होतात, एकाचे पन्नास होतात. आयसोपॉड आणि स्प्रिंगटेल, म्हणजे टाकीतला कुजका पाला-बुरशी खाणारे बारीक जीव, त्यांचं कल्चर आपल्यातच कोणाकोणाकडे आहे, एकमेकांना द्या, मी डबी भरून फुकट देतो. मॉस पण टाकीत वाढवलेलं घ्या. आणि पाला पाहिजे असेल तर नागपुरात बदामाची झाडं काय कमी आहेत? आपल्या गल्लीतला तो देशी बदाम, त्याची लाल होऊन गळलेली पानं, गाडीच्या धुरापासून लांबची पाहून घ्यायची, धुवायची, वाळवायची, टाकायची. फायटरवाले हीच पानं पॅकेटात विकत घेतात. माझ्या टाकीत आता हीच आहेत आणि पाण्याला तोच चहासारखा रंग येते. घरातल्या टाकीला तेवढं पुरते.

आणि जमलं नाही म्हणून कोणताही मासा-कासव फुटाळ्यात नाहीतर अंबाझरीत सोडू नका. तुम्हाला वाटते त्याला जीवदान दिलं, पण बाहेरचा मासा आपल्या तलावातल्या माशांची अंडी खातो आणि सोबत रोग आणतो. २०२३ च्या सप्टेंबरच्या त्या पुरात कित्येकांच्या तळमजल्यावरच्या टाक्या वाहून गेल्या असतील, ते कोणाच्या हातात नव्हतं, पण पिशवीत घालून नेऊन सोडणं हातात आहे. रोगाची गोष्ट घाबरवायला सांगत नाही. कायट्रिड नावाच्या एका बुरशीने जगात किमान ५०१ जातींचे उभयचर घटले आणि त्यातल्या ९० नामशेष झाल्याचं २०१९ च्या अभ्यासात मांडलं आहे, आणि ही बुरशी पसरण्यात बेडकांच्या खरेदी-विक्रीचा मोठा हात मानतात. ती सह्याद्रीतल्या बेडकांवर पण सापडली आहे. म्हणून कोणी मला म्हणेल की तू तो खेकडा विकत घे आणि आंबोलीला नेऊन सोड, तर ते पण करू शकत नाही. दहा दुकानांचं, दहा टाक्यांचं पाणी लागलेला जीव परत त्या ओढ्यात सोडणं म्हणजे काय घेऊन जाऊ कोणास ठाऊक. आणि विकत घेतला की त्या माणसाला पुढचे दहा आणायचा हुरूप येते. एकदा त्या ओढ्यातून उचललेला जीव परत नेऊन ठेवता येत नाही, माझी झोप उडाली ती याच्यासाठी.

कॅमेरावाल्यांनाही दोन शब्द, कारण तुमच्यातले बरेच जण आमच्यातलेच आहेत. बेडकाला हाताने उचलून चांगल्या पानावर ठेवू नका, मच्छरचं क्रीम लावलेल्या हाताने तर अजिबात नाही, तो कातडीतून पाणी पितो आणि श्वासही घेतो. दगड उलटा केला तर तसाच सुलटा करून ठेवा.

पाहायचंच असेल तर चला. मी यंदा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात परत जाणार आहे, आठ-दहा जण झालो तर एकत्र तिकीटं काढू, गाइड त्याच मुलाला सांगतो, त्याचे रात्रीचे पैसे त्यालाच मिळू द्या, म्हणजे डबा भरणाऱ्यापेक्षा दाखवणाऱ्याचं घर चालेल. जळवांसाठी लांब मोजे आणा, आणि टॉर्च मंद उजेडाचा.

येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता मी त्या दुकानात जाणार आहे. दुकानदार भाऊशी नीट, शांतपणे बोलणार आहे, त्याच्याशी माझं काही भांडण नाही, त्यानेच मला पहिला फिल्टर उधार दिला होता. ज्या तिघांनी बुकिंग केलं ते हे वाचत असतील तर त्यांनीही या. बुकिंगचे पैसे भाऊने परत दिले नाहीत तर तेवढ्याचे चेरी श्रिंप मी माझ्या टाकीतून देतो, आणि चहा माझ्याकडून.

तुमचाच,
मानेवाड्याचा एक टाकीवाला